कॉन्फरन्स झाली, पुढे काय? व्यसनमुक्तीत काम करणाऱ्यांच्या परिषदांबद्दल

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे डॉक्टर, समुपदेशक, नर्स, सोशल वर्कर, केंद्र चालवणारी माणसं यांच्या कॉन्फरन्सेस. दोन-तीन दिवसांचा कार्यक्रम, गळ्यात ओळखपत्र, हातात पिशवी, शेवटी सर्टिफिकेट. आमच्या सॉफ्टवेअरच्या कॉन्फरन्सेसही अशाच असतात. फरक एवढाच की आमच्याकडे एखादी गोष्ट शिकायची राहिली तर वेबसाइट बंद पडते. तिकडे समोर माणूस बसलेला असतो.

आधी आकडे सांगतो, म्हणजे प्रश्न किती मोठा आहे ते कळेल. 2019 साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सच्या मदतीने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल आला. त्यानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या 5.7 कोटींहून जास्त लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या साधारण 38 जणांपैकी फक्त एकाने कुठले तरी उपचार मिळाल्याचं सांगितलं. म्हणजे उपचार करणारे हात आधीच कमी आहेत. अशा वेळी त्या हातांना आपण काय आणि कसं शिकवतो, याला फार महत्त्व येतं.

आता एक उदाहरण घेऊ. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग नावाची एक पद्धत आहे. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये त्यावर पहिला लेख लिहिला. पद्धत सांगायला सोपी आहे. समोरच्याला उपदेश करायचा नाही, वाद घालायचा नाही. त्याच्याच तोंडून बदलाची कारणं बाहेर येतील असं बोलायचं. म्हणजे "एवढं कळतंय तर सोडत का नाही?" असं न विचारता, "दादा, पिणं कमी झालं तर घरात काय बदलेल असं तुम्हाला वाटतं?" असं विचारायचं. आणि मग गप्प बसून ऐकायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड!

गंमत बघा, ही पद्धत भाषणातून जन्मली नाही. मिलर नॉर्वेतल्या बर्गनजवळच्या एका क्लिनिकमध्ये गेले होते. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांना मध्येच थांबवायचे. आत्ता हाच प्रश्न का विचारलात? हे वाक्य असंच का बोललात? त्यांना उत्तरं देता देता मिलरना स्वतःच्याच कामातले नियम दिसायला लागले. आमच्या भाषेत सांगायचं तर तो कोड रिव्ह्यू होता. तुमचं काम उघडून कोणीतरी विचारतं, ही ओळ इथे का?

पुढे ही पद्धत जगभर दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळांमधून शिकवली जाऊ लागली. मग मिलर यांनी स्वतःच तपासायचं ठरवलं की या कार्यशाळांचा खरंच उपयोग होतो का. मला हे फार आवडलं. 2001 मध्ये त्यांचा एक छोटा अभ्यास आला. कार्यशाळेनंतर समुपदेशकांनी लिहून दिलं की आम्हाला पद्धत चांगली जमायला लागली. पण त्यांच्या प्रत्यक्ष मुलाखतींच्या टेप ऐकल्या तेव्हा बदल किरकोळ निघाला. आणि समोर बसलेल्या लोकांच्या बोलण्यात फरक दिसला नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही.

2004 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मोठा प्रयोग केला. व्यसनोपचारात काम करणारे 140 व्यावसायिक घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. काहींना फक्त कार्यशाळा. काहींना कार्यशाळेनंतर त्यांच्या टेप ऐकून अभिप्राय. काहींना फोनवरून वैयक्तिक मार्गदर्शन. काहींना दोन्ही. ज्यांना नंतर अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालं त्यांचं कौशल्य जास्त वाढलं. आणि दुसरी गोष्ट तर मी दोनदा वाचली. 'मला हे किती येतं' याबद्दल समुपदेशकांनी स्वतः दिलेल्या उत्तराचा, टेपमध्ये दिसलेल्या कौशल्याशी काही संबंध नव्हता.

आता कॉन्फरन्सच्या शेवटी आपण भरतो तो फॉर्म आठवा. "सत्र उपयुक्त वाटले का? 1 ते 5 गुण द्या." सगळे 4 आणि 5 देतात, सर्टिफिकेट घेतात, गाडी पकडतात. त्या फॉर्मवरून काहीच कळत नाही.

हे झालं शिकण्याबद्दल. याची दुसरी बाजू आहे पैशांची. 1992 साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या काही डॉक्टरांना औषध कंपन्यांनी सगळा खर्च करून छान ठिकाणी चर्चासत्राला नेलं. जाण्याआधी डॉक्टरांना विचारलं, याचा तुमच्या प्रिस्क्रिप्शनवर परिणाम होईल का? बहुतेकांनी सांगितलं, छे, अजिबात नाही. नंतर औषधांचा हिशोब काढला तर एका औषधाचा वापर तिपटीहून जास्त वाढलेला होता. बघा, इथेही तेच. माणसाला स्वतःबद्दल जे वाटतं ते एक, आणि नोंदी सांगतात ते दुसरं.

याचं भयंकर रूप ऑक्सिकॉन्टिनच्या वेळी दिसलं. 1996 ते 2001 या काळात पर्ड्यू फार्मा कंपनीने फ्लोरिडा, ॲरिझोना, कॅलिफोर्नियातल्या रिसॉर्टमध्ये वेदनाशमन या विषयावर 40 हून जास्त कॉन्फरन्सेस घेतल्या. 5,000 हून जास्त डॉक्टर, फार्मासिस्ट आणि नर्सेस कंपनीच्या खर्चाने तिथे गेले. हे औषध वेदनेसाठी दिलं तर त्याची सवय लागण्याचा धोका अगदी कमी, असा प्रचार त्या काळात जोरात चालू होता. 2007 मध्ये औषधाची चुकीची माहिती देऊन विक्री केल्याचा गुन्हा पर्ड्यूच्या कंपनीने कोर्टात कबूल केला. तोपर्यंत व्यसनमुक्ती केंद्रांच्या दारात रांगा लागल्या होत्या. म्हणजे एका क्षेत्राच्या कॉन्फरन्समध्ये जे पेरलं, ते दुसऱ्या क्षेत्रातल्या लोकांना निस्तरावं लागलं.

मग कॉन्फरन्सेस बंद करायच्या का? नाही. मी तसं म्हणत नाहीये. 1990 मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला एक परिषद भरली होती, नशेमुळे होणारं नुकसान कमी कसं करायचं यावर. त्या भागात 1986 पासून स्वच्छ सुया देण्याची केंद्रं चालू होती. एचआयव्हीची भीती होती, आणि हे काम बघायला देशोदेशीचे लोक येत होते. त्या येण्या-जाण्यातूनच परिषद उभी राहिली. आधी काम, मग कॉन्फरन्स. म्हणून तिचा उपयोग झाला आणि पुढे ती वेगवेगळ्या देशांत भरत राहिली.

आपल्याकडेही जमेची बाजू आहे. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण, रुग्णमित्रांवर उपचार करता करता इतर केंद्रांतल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षणही देतं. तिथे शिकायला गेलेला माणूस चालू काम बघतो, नुसत्या स्लाइड्स नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने इको नावाची पद्धत आणली. मूळ कल्पना डॉ. संजीव अरोरा यांची, त्यांनी 2003 मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये हिपॅटायटिस सीसाठी ती सुरू केली. तज्ज्ञ आणि लांबच्या गावातले डॉक्टर-समुपदेशक ठरावीक दिवशी व्हिडिओवर भेटतात. आणि गावातला माणूस आपली केस मांडतो. नाव न सांगता, पण खरी. त्यावर चर्चा होते. पुढच्या वेळी विचारलं जातं, मग काय झालं?

माझी मावशी मराठवाड्यातल्या एका छोट्या केंद्रात समुपदेशक आहे. त्यांचं फॉलोअपचं रजिस्टर मी कॉम्प्युटरवर आणून दिलंय, त्यामुळे हे प्रश्न आमच्या जेवणाच्या ताटावर असतात. वर्षभराच्या प्रशिक्षणाचे पैसे दोघांच्या एका दिल्ली फेरीत संपतात. मी तिला हे अभ्यास दाखवले तेव्हा ती म्हणाली, "अरे, कॉन्फरन्सला मी शिकायला कमी आणि श्वास घ्यायला जास्त जाते. एखादा माणूस चौथ्यांदा स्लिप होऊन येतो तेव्हा मला कसं वाटतं, हे तिथे समजावून सांगावं लागत नाही." तिचं बरोबर आहे. हे काम माणसाला आतून थकवतं. आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे दिसणं, हासुद्धा कॉन्फरन्सचा खरा उपयोग आहे. पण मग कार्यक्रमात गप्पांना वेळ ठेवा. सकाळी 9 ते संध्याकाळी 6 भाषणं आणि गप्पा फक्त चहाच्या रांगेत, असं नको.

आता त्यांच्या केंद्रात असं ठरतंय की एकाने जायचं. उरलेल्या पैशांत एका अनुभवी समुपदेशकाला मानधन द्यायचं. रुग्णाची परवानगी घेऊन वीस मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, ते त्यांनी ऐकायचं आणि पंधरा दिवसांनी फोनवर बोलायचं. मावशी जरा घाबरली आहे. आपलं बोलणं कोणी ऐकणार म्हटल्यावर कोणीही घाबरेल. पहिल्या कोड रिव्ह्यूच्या वेळी माझेही हात थरथरले होते.

तुमच्यापैकी कोणी या क्षेत्रात असेल, किंवा एखाद्या केंद्राचं ट्रस्टी असेल, तर पुढच्या कॉन्फरन्सचं पत्रक हातात आलं की चार गोष्टी बघा. खर्च कोण करतंय, आणि ते उघड सांगितलंय का? स्वतःची केस मांडायची सोय आहे का? व्यसनातून बाहेर आलेली माणसं मंचावर आहेत की फक्त स्लाइडवर? आणि तीन महिन्यांनी कोणी फोन करून विचारणार आहे का, की बाबा, तिथे शिकलेलं तुमच्या खोलीत उतरलं का? चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल तर तो फोन तुम्ही लावा. दोन केंद्रांनी एकमेकांना लावला तरी चालेल, त्याला नोंदणी फी नाही.

तुमचे अनुभव जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!