नियम लेखी हवा



आम्ही कारखान्यांच्या दारांत सभा घेणारे. संगणकाचा कोड लिहिणे हा आमचा प्रांत नव्हे. परंतु ॲप तयार करणाऱ्या एका कचेरीतला तरुण आमच्याकडे गाऱ्हाणे घेऊन आला. त्याचा कोड तपासणीतून वारंवार परत येई. एक वरिष्ठ म्हणत, ओळी चार जागा आत घे. दुसरे म्हणत, दोनच. काम बरोबर की चूक हा प्रश्नच नाही. ज्याची पाळी त्याची मर्जी! आम्ही विचारले, "लेखी नियम काय आहे?" तो म्हणाला, "काका, लेखी काहीच नाही."

आम्हांला १९४६ सालचा स्थायी आदेशांचा कायदा आठवला. मालकाने कामाच्या अटी लेखी मांडाव्या, त्यांवर कामगारांच्या हरकती ऐकल्या जाव्या आणि मग त्या अटी कामगारांना समजेल अशा भाषेत दाराशी लावाव्या, असे त्याने ठरविले. मुकादमाच्या लहरीला त्यामुळे लगाम बसला.

कोडाच्याही अशा नियमावल्या असतात. पायथन भाषेची 'पेप ८' ही २००१ सालची. दर पायरीला चार जागा सोडा, ओळ ७९ अक्षरांपुढे नेऊ नका, असे ती सांगते. कारण कोड लिहिण्यापेक्षा वाचला फार वेळा जातो. नियम पाळून वाचणे अवघड होत असेल तर तेथे तो सोडा, हेही तीच सांगते. आमच्या कायदेपंडितांनी हे जरूर वाचावे.

कोणी म्हणेल, जागा आणि कंस यांनी असे काय बिघडते? फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीला आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. पलीकडची वेबसाइट खरी की तोतया, हे पारखणाऱ्या कोडात 'चुकले तर बाहेर पड' या अर्थाची ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. दुसरीही आत सरकवून लिहिलेली, म्हणून डोळ्यांना ती अटीखालची वाटे. पण सी भाषेत यंत्र समास पाहत नाही, कंस पाहते. आणि कंस नव्हते. अट लागू नसली तरी दुसरी ओळ चालेच, आणि सही न तपासताच 'सर्व ठीक' असा निकाल मिळे. एका ओळीच्या अटीलाही कंस घाला, असे पुष्कळ नियमावल्या सांगतात. तसे केले असते तर ती जादा ओळ कंसात निरुपद्रवी पडून राहिली असती, नाहीतर कंसाबाहेर उघडी दिसली असती.

त्या तरुणाला आम्ही सांगितले, नियम लिहून मागा, आणि लिहिताना तुम्हीही बसा. तो व त्याचे सोबती बसले, वरिष्ठही बसले. दोन पाने झाली. निम्मी संध्याकाळ समासावरच गेली म्हणतात. शेवटी दोन जागा ठरल्या. त्याला स्वतःला चार हव्या होत्या.