पेन्सिल सेलचा कॅमेरा

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला पाच मिनिटं दिली आहेत. शाळेत पाढे म्हणायलासुद्धा एवढा वेळ कुणी दिला नव्हता, म्हणून आधी आभार मानतो.

सकाळपासून माझ्या हातातला हा कॅमेरा बघून बरेच जण हसलात. "अरे, मोबाइल परवडत नाही का?" असंही कुणी विचारलं. हा कॅनन पॉवरशॉट ए-530, 2006 सालचा. पाच मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेल. आपल्या 2008 च्या मेळाव्यात हाच होता. त्या दिवशी मी ओरडून सांगितलं होतं, "सगळ्यांना प्रिंट देणार!" दिल्या नाहीत. पुढे कॅमेऱ्याचा मोबाइल आला आणि हा सेलसकट कपाटात गेला.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तो माझ्या मुलीला सापडला. कॉलेजातली मुलं म्हणे आता असले कॅमेरे शोधत फिरतात. आत सेल गळून पांढरी भुकटी साचली होती. कानात घालायच्या कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून आतल्या पट्ट्या पुसल्या, नवे सेल घातले. कर्र करत लेन्स बाहेर आली आणि कॅमेऱ्याने पहिला प्रश्न विचारला, आज तारीख काय?

कार्डावर 63 फोटो होते. त्यात एक आपल्या कबड्डीच्या कप्तानाचा. शाळेच्या पायरीवर सरांनी त्याचा कान धरलाय आणि तो खदखदून हसतोय. या फोटोसाठी त्याने मला दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा मी "बघतो रे" म्हणालो. 2021 च्या एप्रिलमध्ये तो गेला.

पाच मेगापिक्सेलमध्ये सहा बाय आठची प्रिंट छान येते. ती घेऊन वहिनींकडे गेलो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग कपाळावरच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही कबड्डीतली ना?" हल्लीचे बरेचसे मोबाइल चेहरे गुळगुळीत करून टाकतात. या कॅमेऱ्याने ती खूण जशीच्या तशी ठेवली होती.

हा मोबाइलपेक्षा चांगला, असं मी म्हणणार नाही. संध्याकाळ झाली की फोटोत दाणे येतात, फ्लॅश मारला की डोळे लाल होतात. पण याच्यावर फोन येत नाही, यातून फोटो लगेच कुणाला पाठवता येत नाही. सेल संपतील या धाकाने माणूस आधी नीट बघतो, मग बटण दाबतो. आज मी तुम्हा सगळ्यांकडे तसं नीट बघितलं.

सर, तुमची प्रिंट मी बरोबर आणली आहे. बाकीच्यांसाठी दाराशी वही ठेवली आहे, जाताना पत्ता लिहा. या वेळी "बघतो रे" म्हणणार नाही.