संपूर्ण उपचाराचे आग्रही : डॉ. जॉन क्रॉफ्टन



आपल्या जुन्या वैद्यकात ज्याला ‘राजयक्ष्मा’ म्हटले आहे, त्या क्षयरोगाने एकेकाळी घरेच्या घरे ओस पाडली. घरात कोणाला क्षय झाल्याचे शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपविले जाई, कारण त्यापायी मुलामुलींची लग्ने अडत. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार यांपलीकडे वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. हा रोग पूर्णपणे बरा होऊ शकतो, हे ज्यांनी सिद्ध केले, त्यांत छातीरोगतज्ज्ञ डॉ. जॉन क्रॉफ्टन यांचे स्थान अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १९१२ साली आयर्लंडमधील डब्लिन येथे झाला. केंब्रिज आणि लंडन येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्करी वैद्यकीय सेवा बजावली. युद्धानंतर लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात असताना स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रसिद्ध चाचणीत ते सहभागी झाले. तिचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. औषध दिलेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४ दगावले. परंतु हा आनंद अल्पजीवी ठरला. अनेक रुग्ण पुन्हा खालावले आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांतील मृत्यूंच्या प्रमाणात फारसा फरक उरला नाही. जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते.

या अपयशातच पुढील यशाचे बीज होते. १९५२ साली क्रॉफ्टन एडिंबरा विद्यापीठात प्राध्यापक झाले. तोपर्यंत पास आणि आयसोनियाझिड ही आणखी दोन औषधे हाती आली होती. फुप्फुसातील एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. त्यांतील दहा लाखांत एखादा जंतू एखाद्या औषधाला मुळातच दाद देत नाही. एकच औषध दिले, तर बाकीचे मरतात आणि हाच उरून वाढतो. मात्र दोन-तीन औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू जवळजवळ नसतोच. म्हणून क्रॉफ्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिन्ही औषधांनी एकत्र उपचार सुरू केले, प्रयोगशाळेत जंतूंची काटेकोर तपासणी केली आणि रुग्णाला बरे वाटू लागल्यावरही दीड वर्ष किंवा त्याहून अधिक काळ औषधे चालू ठेवली. पूर्वी रुग्ण जगावा एवढीच अपेक्षा असे. आता शंभर टक्के रुग्ण बरे करणे हेच ध्येय ठरले. १९५४ ते १९५७ या काळात एडिंबरातील नव्या क्षयरुग्णांची नोंद सुमारे निम्म्यावर आली. अन्य ठिकाणच्या तज्ज्ञांना हे प्रथम खरे वाटेना. पुढे अनेक देशांत एकत्रितपणे झालेल्या चाचणीने या पद्धतीवर शिक्कामोर्तब केले.

परंतु जेथे रुग्ण अगणित आणि खाटा मोजक्या, अशा आपल्या देशाचे काय? याचे उत्तर १९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या अभ्यासाने दिले. नियमित औषधे घेणारा गरीब रुग्णही स्वतःच्या घरी राहून आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होऊ शकतो, हे १९५९ साली जगापुढे आले.

क्षयावर मात करून क्रॉफ्टन स्वस्थ बसले नाहीत. फुप्फुसांचा दुसरा शत्रू, तंबाखू, याच्याविरुद्ध त्यांनी व त्यांच्या डॉक्टर पत्नी आयलीन यांनी आयुष्यभर लढा दिला. १९७३ साली स्कॉटलंडमध्ये स्थापन झालेल्या धूम्रपानविरोधी संस्थेच्या त्या पहिल्या संचालिका होत्या. २००६ साली तेथे सार्वजनिक बंदिस्त जागी धूम्रपानबंदी लागू झाली, ती पाहण्याचे भाग्य या दांपत्यास लाभले. विकसनशील देशांतील डॉक्टरांसाठी सोप्या भाषेत लिहिलेले क्रॉफ्टन यांचे क्षयरोगावरील पुस्तक अनेक भाषांत गेले. २००९ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज क्षयाची औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात आणि साध्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिन्यांत पूर्ण होतो. तरीही दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले, की औषधे सोडून देणारे रुग्ण आढळतात. असा रुग्ण स्वतःचा घात करतोच, शिवाय औषधांना न जुमानणारे जंतू घरच्यांच्या पदरी टाकतो. आपल्या परिचयातील एखादा रुग्ण शेवटच्या गोळीपर्यंत औषधे घेईल, एवढे पाहणे प्रत्येकाच्या हाती आहे. त्यासाठी डॉक्टर असण्याची आवश्यकता नाही. रोग लपवू नये आणि उपचार अर्धवट सोडू नये, हाच डॉ. क्रॉफ्टन यांच्या जीवनकार्याचा बोध होय.