मला तांब्या काढता येऊ लागला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चित्रकला शिकण्याबद्दल चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी सरळ नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याची सवय नाही. पण त्या म्हणाल्या, "चित्रकार होऊन बोलायचं नाही. तुम्ही कशा शिकलात तेवढंच सांगा." तेवढे मला सांगता येईल असे वाटले, म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझी रांगोळी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. त्यामुळे आपला हात चांगला आहे असा माझाही समज होता. पण रांगोळी आणि चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला एका तांब्याने शिकवले.

२०२१ सालच्या जून महिन्यात माझ्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा हळूहळू परत आली, पण त्या अंथरुणाला खिळल्या त्या खिळल्याच. दुपारी जेवणे आटोपली की मी त्यांच्या उशाशी बसत असे. त्यांचा डोळा लागे आणि माझाही लागे. त्या जाग्या होऊन पाणी मागत आणि मला ऐकू येत नसे. असे दोनतीनदा झाले, तेव्हा मनाला फार लागले. झोप येऊ नये म्हणून काहीतरी हाताला चाळा हवा होता. मुलाची अर्धी कोरी राहिलेली वही आणि एक पेन्सिल घेतली आणि समोर पाण्याचा तांब्या होता तो काढायला बसले.

तांब्या म्हणजे काय अवघड? रोज घासतो आपण. पण काढला तो तांब्या नव्हे, भोपळा झाला. तोंडाच्या जागी मी बांगडीसारखा गोल काढला होता आणि बुडाला पट्टीने मारावी तशी सरळ रेघ. सासूबाई जाग्या झाल्या, वहीकडे बघून म्हणाल्या, "ह्यो तांब्या कलंडाय लागलाय. पाणी सांडंल."

मला राग आला. खरे सांगते, वही मिटून टाकली. पण दुसऱ्या दिवशी तांब्या तिथेच होता, मीही तिथेच होते, आणि झोपही यायला लागली होती. पुन्हा वही उघडली.

आमच्या शेजारी नववीतला एक मुलगा इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेची तयारी करीत होता. त्याला मी वही दाखवली. तो म्हणाला, "काकू, तांब्याचं तोंड गोल असतं हे तुम्हांला ठाऊक आहे, म्हणून तुम्ही गोल काढलंत. पण इथून ते गोल दिसतंय का?" मी बघितले. खरेच, दिसत नव्हते. चपटे दिसत होते, बोराच्या आकाराचे. त्याने तांब्या उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला, तर तोंडाची नुसती आडवी रेघ झाली. खाली नेला तसतसे तोंड उघडत गेले. जमिनीवर ठेवून मी उभी राहिले तेव्हा कुठे ते जवळजवळ गोल दिसले.

भगिनींनो, हे तुम्ही आज घरी जाऊन एका वाटीवर करून बघा. आणखी एक गंमत आहे. बूड तोंडापेक्षा खाली असते, म्हणून बुडाची कड तोंडापेक्षा जास्त वाकडी दिसते. ती कधीही सरळ रेघ नसते. रांगोळी आपण वरून बघून घालतो, म्हणून तिथे गोल तो गोलच राहतो. चित्रात वस्तू समोरून बघायची असते. माझा हात वाईट नव्हता. मी बघतच नव्हते, ठाऊक होते तेवढे काढत होते.

मग त्या मुलाने मला दोनतीन युक्त्या सांगितल्या. एक म्हणजे मापाची. हात सरळ ताणायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिल वस्तूसमोर उभी धरायची. वस्तूचा वरचा काठ पेन्सिलीच्या टोकाला लावायचा आणि खालचा काठ येईल तिथे अंगठा ठेवायचा. मग तेच माप आडवे धरून रुंदी किती भरते ते बघायचे. हात मात्र कोपरात वाकता कामा नये, नाहीतर माप दर वेळी बदलते. दुसरी युक्ती मधल्या रेघेची. कागदावर अगदी फिकी उभी रेघ ओढायची आणि तांब्याची डावी व उजवी बाजू तिच्यापासून सारख्या अंतरावर ठेवायची. माझा तांब्या कलंडत होता तो याच रेघेवाचून. तिसरी युक्ती आरशाची. चित्र आरशात धरले की आपल्या डोळ्याला सवयीने न दिसणारा वाकडेपणा लगेच दिसतो.

पेन्सिलीबद्दलही सांगते, कारण मी फुकट पैसे घालवले. आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसे नसते. ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते. माती जास्त असली की पेन्सिल कडक आणि फिकी, कमी असली की मऊ आणि काळी. एच म्हणजे कडक, बी म्हणजे काळी. मी हौसेने बारा पेन्सिलींचा डबा आणला. वापरल्या दोनच. आकार काढायला एचबी आणि सावलीला फोर-बी. बाकीच्या दहा अजून डब्यात आहेत. शिकणाऱ्या बाईने दोन पेन्सिली, एक खोडरबर आणि साधी वही घ्यावी. वही स्वस्तातली असावी म्हणजे पान वाया जाईल ही भीती राहत नाही.

खोडरबरही जपून वापरावे. पहिल्यांदा मी रेघेपेक्षा खोडणेच जास्त करत होते. चुकलेली रेघ तशीच ठेवून तिच्याशेजारी बरोबर रेघ काढली, तर कुठे चुकलो ते दिसते. खोडली तर तीच चूक पुन्हा होते. आपण स्वयंपाकात मीठ जास्त पडले तर ते लक्षात ठेवतोच ना? तसेच हे.

आता सावलीबद्दल. डोळे किलकिले करून वस्तूकडे बघितले की बारीकसारीक गोष्टी पुसट होतात आणि उजेड कुठे, काळोख कुठे, एवढेच उरते. पितळी तांब्यावर एक ठिपका अगदी पांढरा दिसतो. तो रंगवायचा नसतो, कागद कोरा सोडायचा असतो. हे मला कळले त्या दिवशी तांब्या पहिल्यांदा पानावर उभा राहिला. तो माझा चाळिसावा तांब्या होता. सासूबाईंनी बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "आता ह्यातलं पाणी पिता यील." एवढी शाबासकी मला त्यांच्याकडून पंचवीस वर्षांत मिळाली नव्हती.

पुढे अडकित्ता काढला, कप काढला. कपाचा कान जमत नव्हता, तर कानाच्या आतली मोकळी जागा काढली आणि कान आपोआप आला. मग सासूबाईंचा हात काढायचे ठरवले. माझे हात आधी पाच भेंड्यांसारखे येत. नंतर कळले की हाताच्या पाठीकडून बघितले तर मधले बोट साधारण अर्ध्या हाताएवढे असते आणि बोटांची मुळे एका ओळीत नसून कमानीत असतात.

त्यांचा उजवा हात गोधडीवर पडलेला असे, बोटे आत वळलेली. तो हलत नाही म्हणून मी तोच काढायला घेतला. त्यांना आवडले नाही. "त्यो मेलेला हात कशाला काढतीस? ह्यो काढ," असे म्हणून त्यांनी डावा हात उचलून उजव्यावर ठेवला. मी तसेच काढू लागले. वरचा हात अकरा दिवसांत पुरा झाला, शिरा, सुरकुत्या, बोटातली अंगठी, सगळे आले. खालच्या हाताच्या नुसत्या चार रेघा झाल्या होत्या. २०२३ च्या फेब्रुवारीत सासूबाई गेल्या.

त्यानंतर पाच महिने मी पेन्सिल हातात धरली नाही. दुपारी झोपायला आता मोकळीक होती, पण झोप येत नव्हती. शेजारचा मुलगा म्हणाला, "काकू, परीक्षेला स्मरणचित्र असतं, तसं आठवून पुरं करा." मी दुसऱ्या कागदावर बसून बघितले. नाही जमले. वीस महिने तो उजवा हात मी रोज पुसला, तेल चोळले, नखे काढली, आणि तरी त्याची बोटे कशी वळली होती ते मला कागदावर आणता येईना. तेव्हा मला फार वाईट वाटले. काम करताना आपण माणसाला हात लावतो, पण त्याच्याकडे बघतोच असे नाही. ते चित्र मी तसेच अर्धे ठेवले आहे.

पुन्हा सुरुवात कशी झाली, तेही सांगते, कारण हुरूप कसा आणावा असे पुष्कळजणी विचारतात. गौरीची भांडी काढताना माळ्यावर ती वही सापडली. प्रत्येक चित्राखाली मी तारीख घातलेली होती. पहिल्या पानावरचा भोपळा आणि चाळिसावा तांब्या शेजारी ठेवून बघितले. कोणी शाबासकी द्यायला नव्हते, तरी दिसत होते की काहीतरी शिकले आहे. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर एक वाटी समोर ठेवली. फक्त दहा मिनिटे, घड्याळ लावून. हुरूप यायची वाट बघत बसले असते तर अजून बसलेली असते. हुरूप आधी येत नाही, पाचसहा रेघा ओढल्यावर येतो. आणि एखाद्या दिवशी नाहीच आला, तरी दहा मिनिटे झालेली असतात.

त्याच वर्षी दिवाळीनंतर राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे यांच्या संग्रहालयात गेले. मांडरे आपल्याला सिनेमातले नट म्हणून ठाऊक. पण पावडर शेडिंगची त्यांची निसर्गचित्रे बघून मी थक्क झाले. झाड, पाणी, धुके, सगळे नुसत्या काळ्यापांढऱ्या छटांत. आपल्याच कोल्हापुरात आबालाल रहिमान होऊन गेले. १९३१ साली ते वारले. रंकाळा आणि कोटीतीर्थ त्यांनी किती वेळा रंगवले! रोजचेच पाणी, पण त्यांना ते पुन्हापुन्हा बघावेसे वाटले. मग मी एकच वाटी महिनाभर काढली तर त्यात लाज कसली?

काही भगिनी म्हणतात, या वयात शिकून काय उपयोग? नोकरी मिळायची नाही, बक्षीस मिळायचे नाही. खरे आहे. आपल्याच मंडळाच्या स्पर्धेत मी दोनदा चित्र दिले आणि दोन्ही वेळा बक्षीस मिळाले नाही, हे परीक्षक बाई इथे बसल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. पण आता मी घरातल्या माणसांकडे बघते. आमच्या घरी हे वर्तमानपत्र वाचत असले की त्यांच्या कपाळाला किती आठ्या पडतात, त्या मी गेल्या महिन्यात पहिल्यांदा मोजल्या. तीन आहेत, आणि मधली तुटलेली आहे.

अध्यक्षीणबाईंनी परवानगी दिली आहे, म्हणून सांगते. येत्या गुरुवारपासून दुपारी तीन ते चार मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना यायचे त्यांनी दोन पेन्सिली, एक वही आणि घरातली एक वाटी घेऊन यावे. मी शिकवणार नाही, कारण मलाच थोडे येते. एकत्र बसून काढू आणि एकमेकींच्या वाट्या कलंडतात का ते सांगू.