प्रौढांचा वर्ग आणि पूर्वग्रह
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



या महोत्सवप्रसंगीं प्रौढांच्या रात्रवर्गाविषयीं चार शब्द बोलावे, अशी आपली आज्ञा झाली. वर्गांत काय साधलें हें सांगण्यापेक्षां कोठें चुकलों तें सांगणें आम्हांस अधिक उपयोगाचें वाटतें.

बालकाची पाटी कोरी असते असें म्हणतात. प्रौढाची पाटी भरलेली असते, आणि तिजवर बरेंचसें दुसऱ्यांच्या हातचें असतें. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या रानमुलखांत त्यांतील पहिली ओळ बहुधा गोंड व माडिया लोकांविषयींची. एके रात्रीं पूर्वग्रह हा विषय घेतला तेव्हां आम्हीं विचारलें, ‘गोंड म्हटलें कीं आपल्या मनांत काय येतें?’ उत्तरें भराभर आलीं : रानटी, आळशी, दारूबाज. तीं आम्हीं फळ्यावर ओळीनें मांडलीं. हेतु असा कीं मागाहून एकेक खोडून काढावें. मागच्या बांकावर एक गोंड गृहस्थ बसले होते. त्यांनीं आपली वही मिटली, आणि पुढें आठ दिवस ते वर्गास आले नाहींत. खोडण्यापूर्वीं तीं अक्षरें आम्हीं किती मोठीं लिहिलीं होतीं, हें तेव्हां ध्यानांत आलें.

म्हणून पुढल्या वेळीं शिकलेल्यांच्याच पूर्वग्रहापासून आरंभ केला. त्यांत आम्हीही आलोंच. निरक्षर बाईस रोग ओळखतां येणार नाहीं, ही समजूत सुशिक्षितांत किती दृढ! डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे १९८६ पासून गडचिरोलींत काम करीत आहेत. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेनें निरक्षर सुइणींसाठीं मण्यांचें एक साधन केलें. एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ उलटावयाचें, आणि मुलाच्या दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं ठरलेला मणी सरकला तर श्वास जलद, म्हणजे न्यूमोनियाचा संशय. पुढें गांवांतल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांनीं ३९ गांवांत घरोघरीं नवजात बालकांची शुश्रूषा केली, प्रसंगीं सुईही टोचली. तिसऱ्या वर्षीं त्या बालकांचे मृत्यु, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं घटले. हा वृत्तांत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत छापला गेला. हें ऐकून वर्गांतल्या स्त्रिया ताठ बसल्या. पुरुषमंडळी थोडी गप्प झाली.

गोंडांचा विषय मात्र फळ्याजवळ पुनः काढला नाहीं. एका रविवारीं सर्वांस चंद्रपुरांत जटपुरा दरवाजाशीं नेलें आणि विचारलें, ‘हा कोट कोणाचा?’ कोणी भोसल्यांचा म्हणालें, कोणी इंग्रजांचा. भोसल्यांची सत्ता येथें १७५१ सालीं आली. कोट त्यापूर्वींचा, गोंड राजांचा. अचलेश्वराजवळची बीरशहाची समाधि त्याच्या राणी हिराईनें उभारलेली. ज्यांनीं हें नगर वसविलें त्यांचेंच नांव आपण शिवीसारखें वापरीत आलों, हें आम्हांस बोलून दाखवावें लागलें नाहीं.

ते गृहस्थ त्या दिवशीं आले होते. आम्हीं त्यांच्या घरीं जाऊन क्षमा मागितली होती, एवढें सांगणें पुरे. त्यांनीं बोट वर करून हत्तीवर चढलेल्या सिंहाचें शिल्प दाखविलें. ‘हें आमच्या राजांचें चिन्ह,’ ते म्हणाले. त्या दरवाजाखालून आम्ही कित्येक वर्षें जात आलों. मान वर करून कधीं पाहिलें नव्हतें. पुढला अर्धा तास वर्ग त्यांनींच घेतला.