बहिणीचा हिस्सा

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘इस्लामची शिकवण आणि आजचा समाज’ असा विषय मला देण्यात आला आहे. विषय समुद्राएवढा आणि मिळालेला वेळ ओंजळीएवढा. म्हणून मी त्यातली एकच शिकवण आपल्यापुढे ठेवणार आहे. ती आपण व्यासपीठावरून मोठ्या अभिमानाने सांगतो आणि घराचा उंबरा ओलांडताच विसरतो. ती म्हणजे बापाच्या मालमत्तेत मुलीचा हिस्सा.

इस्लामपूर्व अरबस्तानात जो लढू शकतो तोच वारस, असा रिवाज होता. घोड्यावर बसून टोळीचे रक्षण न करणाऱ्या बायका आणि लहान मुले यांना वारशात स्थान नव्हते. त्या समाजात हजरत मुहंमद पैगंबर (स.अ.) यांच्यामार्फत पवित्र कुरआनाचा आदेश आला. सूरह निसाच्या सातव्या आयतीचा आशय असा की, आईबाप आणि जवळचे नातलग जे मागे ठेवून जातात त्यात पुरुषांचा हिस्सा आहे तसाच स्त्रियांचाही आहे. मग ते थोडे असो वा पुष्कळ, आणि हा हिस्सा ठरवून दिलेला आहे. पुढे अकराव्या, बाराव्या आणि शेवटच्या १७६व्या आयतीत कोणाला किती हे अपूर्णांकांत सांगितले आहे. नमाज दिवसातून पाच वेळा फर्ज आहे. पण तिच्या रकातींची संख्या कुरआनात दिलेली नाही, ती आपण हदीसवरून शिकतो. वारशाचे हिस्से मात्र कुरआनातच अर्धा, चौथा, सहावा, आठवा असे मोजून दिले आहेत. यावरून या गोष्टीचे महत्त्व आपण ओळखावे.

हा हुकूम व्यवहारात कसा आला, याची एक हदीस प्रसिद्ध आहे. सअद बिन रबीअ हे सहाबी उहुदच्या लढाईत शहीद झाले. मागे पत्नी आणि दोन मुली राहिल्या. मुलींच्या चुलत्याने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. ती विधवा मुलींना घेऊन पैगंबरांकडे (स.अ.) आली आणि म्हणाली की, यांच्याजवळ काहीच उरले नाही तर यांची लग्ने कशी व्हायची? त्यानंतर वारशाची आयत उतरली. पैगंबरांनी (स.अ.) चुलत्याला बोलावून सांगितले की, मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, आणि उरेल ते तुझे. ज्या चुलत्याने सगळे घेतले होते त्याच्या वाट्याला चोविसातले पाच भाग आले. एका विधवेच्या तक्रारीतून हा न्याय उभा राहिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा अधिकार देणारे कायदे १८७० आणि १८८२ साली झाले. आपल्याकडे हिंदू मुलीला बापाच्या मालमत्तेत वारस म्हणून मुलाबरोबर स्थान १९५६ च्या कायद्याने मिळाले. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली आला. या तारखा सांगून आपले वक्ते टाळ्या घेतात. टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण मित्रहो, १४०० वर्षांपूर्वी मिळालेला हक्क आज आपल्या गावच्या सातबाऱ्यावर दिसतो का?

थोडा आपलाच इतिहास पाहू. मुंबईच्या त्या वेळच्या सुप्रीम कोर्टात १८४७ साली खोजा आणि मेमन घराण्यांतल्या मुलींनी कुरआनाप्रमाणे वारसा मागितला. समोर उभे होते त्यांचेच नातलग. त्यांचे म्हणणे असे की, आमच्या जमातीत मुलींना हिस्सा देण्याची रूढी नाही. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी रूढी मान्य केली आणि मुली हरल्या. मुस्लिम मुली कुरआन घेऊन कोर्टात गेल्या आणि मुस्लिम पुरुषांनी रूढी दाखवून त्यांना परत पाठवले! अशा रूढींना आळा घालण्यासाठी १९३७ साली शरीअत कायदा झाला. त्या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत मुस्लिम महिला संघटनांनी रूढीचा निषेध केल्याचा उल्लेख आहे. पण त्या कायद्याने शेतजमीन वगळली, कारण तो विषय प्रांतांकडे होता. कायद्याने वगळली, कुरआनाने नव्हे. सूरह निसात घर, सोने, शेत असा भेद कुठेही नाही.

आज कोर्टात जायचीही वेळ येत नाही. बापाच्या जियारतीला आलेली बहीण अजून डोळे पुसत असते, तोच एक कागद पुढे येतो. “आपा, इथे सही कर. वारसनोंदीला लागते.” तिला वाचून दाखवले तर समजते की ते हक्कसोडपत्र आहे. पुष्कळदा वाचूनही दाखवत नाहीत. ती सही करते. का करते? कारण सही केली नाही तर माहेर तुटेल, ईदेला भाऊ न्यायला येणार नाही, मुलांचे मामाचे घर जाईल, ही भीती तिच्या मनात असते. आणि आपण म्हणतो, “तिने राजीखुशीने सोडले.”

या बाबतीत जी कारणे नेहमी ऐकू येतात, त्यांचा विचार करू.

पहिले कारण : “तिच्या लग्नात खर्च केला, दागिने दिले, तोच तिचा हिस्सा.” बापाने मुलीला आपल्या हयातीत जे दिले ती भेट झाली. वारसा बापाच्या मृत्यूनंतर उत्पन्न होतो. मय्यतीचा खर्च, मग कर्ज, मग फार तर एक तृतीयांशापर्यंत वसीयत, आणि उरलेल्यात सर्व वारस, असा क्रम आहे. लग्नात मांडव, बिर्याणी आणि बँडवर झालेला खर्च तर मुलीच्या हातात पडतही नाही. तो गावजेवणात जातो. शिवाय मुलाच्या लग्नातही खर्च झालेला असतो. तो त्याच्या हिश्श्यातून कोणी वजा करत नाही.

दुसरे कारण : “वडिलार्जित जमीन मुलग्यांची असते.” ही समजूत आपण शेजाऱ्यांच्या जुन्या रूढीतून उचलली आहे. मुस्लिम कायद्यात वडिलार्जित आणि स्वकष्टार्जित असा भेद वारशापुरता नाही. बाप जिवंत असेपर्यंत मुलालाही जन्माने काही हक्क मिळत नाही, मग मुलीचा काढून घेण्याचा प्रश्न कुठून येतो? बाप गेला की जे काही त्याचे होते त्या सगळ्यात सगळे वारस एकाच क्षणी येतात.

तिसरे कारण : “जमीन ती किती, त्यात वाटण्या काय करायच्या?” याचे उत्तर आयतीतच आले आहे : थोडे असो वा पुष्कळ. तुकडा पाडणे शक्य नसेल तर सातबाऱ्यावर बहिणीचे नाव सामाईक लावावे, पीक निघाल्यावर तिचा वाटा पोहोचवावा, किंवा आजच्या भावाने किंमत ठरवून हप्त्याने द्यावी. अडचण वाटण्यांची नसते, दानतीची असते.

चौथा मार्ग अधिक हुशारीचा आहे. बाप हयातीतच सगळे मुलांच्या नावावर करून टाकतो, म्हणजे मागे वारसा उरतच नाही. यावरही एक हदीस आहे. नुअमान बिन बशीर यांना त्यांच्या वडिलांनी काही भेट दिली आणि पैगंबरांना (स.अ.) साक्षीदार राहण्याची विनंती केली. पैगंबरांनी (स.अ.) विचारले की, तुझ्या सगळ्या मुलांना असेच दिले आहेस का? वडील ‘नाही’ म्हणाले. तेव्हा पैगंबरांनी (स.अ.) साक्षीदार होण्यास नकार दिला. ज्या कागदावर त्यांनी साक्ष नाकारली असती, त्यावर आपण दोन-दोन साक्षीदार मिळवतो.

आता काही विद्यार्थिनी वर्गात जो प्रश्न विचारतात, तोही टाळता येणार नाही. “सर, भावाला दोन आणि बहिणीला एक, असे का?” उलेमा याचे उत्तर देतात की, बायको-मुलांचा, वृद्ध आईबापांचा आणि गरज पडल्यास बहिणीचाही खर्च भावावर आहे, महरही त्यानेच द्यायचा आहे. बहिणीचा हिस्सा मात्र सर्वस्वी तिचा. त्यातून घर चालवण्याची सक्ती तिच्यावर नाही. सगळीकडे स्त्रीला अर्धेच, असेही नाही. मृताला मुलगा असेल तर त्याच्या आईला आणि बापाला सारखाच सहावा हिस्सा आहे. हे उत्तर योग्य आहे. पण ते देण्याचा अधिकार कोणाला? ज्या भावाने दोन भाग घेतले आणि जबाबदारीही घेतली, त्याला. ज्याने आपले दोन आणि बहिणीचा एक असे तिन्ही भाग घेतले आणि ती विधवा होऊन दारात आली तेव्हा कपाळाला आठी घातली, त्याने हे उत्तर देऊ नये.

आणि हे आपल्या वस्त्यांत घडते. नवरा गेल्यावर किंवा तलाक झाल्यावर दोन मुले घेऊन बहीण माहेरी येते. ज्या घरात ती आश्रित म्हणून राहते, भावजयीच्या मर्जीने जेवते, त्या घराच्या काही भिंती तिच्याच असतात. तिच्या मुलांची फी भरायला पैसे नाहीत म्हणून आपण जकातीतून मदत गोळा करतो. ज्याचा हक्क दिला नाही त्याला खैरात देतो! सअद बिन अबी वक्कास आजारी असताना त्यांनी आपली बरीचशी मालमत्ता दान करण्याची इच्छा बोलून दाखवली. त्या वेळी त्यांना एकच मुलगी होती. पैगंबरांनी (स.अ.) तिसऱ्या हिश्श्यापलीकडे परवानगी दिली नाही, आणि त्याचे कारण हेच सांगितले की, वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा संपन्न सोडून जाणे बरे. मशिदीला दिलेल्या देणगीनेही मुलीचा हक्क बुडू नये, इतकी ही काळजी आहे.

मुलीच्या हाती पैसा गेला तर तो परक्याच्या घरात जातो, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. मोरोक्कोतील फेस शहरात अल-करवियीन नावाची मशीद आणि विद्यापीठ आहे. फातिमा अल-फिहरी या व्यापाऱ्याच्या मुलीने बापाकडून वारशाने आलेल्या पैशातून ८५९ साली ते उभारले, असे परंपरेने सांगितले जाते. एका मुलीला हिस्सा मिळाला आणि पिढ्यान् पिढ्यांना शिक्षण मिळाले. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून हे सांगताना मला विशेष समाधान वाटते.

आम्हा शिक्षकांचेही यात काम आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी ज्या ग्रंथातून बीजगणिताला ‘अल-जब्र’ हे नाव दिले, त्याचा मोठा भाग वारसा आणि वसीयतीच्या हिशेबांना वाहिलेला आहे. तेव्हा अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण फळ्यावर का नसावे? एका माणसाने एक एकर, म्हणजे ४० गुंठे जमीन मागे ठेवली. वारस : पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. पत्नीला आठवा हिस्सा, ५ गुंठे. उरले ३५. मुलग्याचे दोन भाग, मुलीचा एक, असे एकूण पाच भाग; एक भाग ७ गुंठ्यांचा. मुलग्यांना १४-१४ गुंठे, मुलीला ७. पाच, चौदा, चौदा आणि सात, बेरीज ४०. सातवीतला मुलगाही हे गणित सोडवतो. उत्तर बरोबर आल्यावर त्याने घरी जाऊन विचारावे, “अब्बा, फूफीचे सात गुंठे कुठे आहेत?” हा प्रश्न ज्या घरात विचारला जाईल, तिथे आमच्या शाळेचे काम झाले असे मी मानीन.

पालकांना माझी विनंती तीन गोष्टींची आहे. घरात मय्यत झाल्यावर वारसनोंद करताना चावडीवर सगळ्या वारसांची नावे द्या, बहिणींची आणि आईचीही. दुःखाच्या दिवसांत कोणत्याही बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद ठेवू नका. आणि बहीण खुशीने सोडते असे खरोखर वाटत असेल, तर आधी हिस्सा तिच्या नावावर करा, तिच्या हाती द्या, वर्षभर तिच्याकडे राहू द्या. त्यानंतर तिने आपण होऊन परत दिला, तर ती भेट. तोपर्यंत ती भीड.

बहिणींनाही एक सांगणे आहे. हिस्सा मागणारी बहीण लोभी आहे असे समाज म्हणतो. अल्लाहने ठरवून दिलेली वस्तू मागणे हा लोभ नव्हे. आपण सही करण्याआधी वाचा, आणि वाचता यावे म्हणून मुलींना शाळेतून काढू नका.

हा रोग एकट्या आपलाच आहे असे नाही. शेजारच्या हिंदू घरांतही कायदा झाल्यावर हक्कसोडपत्रे होतच आहेत. पण तिथे रूढीविरुद्ध कायद्याचे बळ आहे. आपल्याजवळ कायद्याबरोबर ईमानही आहे. वारशाचे हिस्से सांगून झाल्यावर सूरह निसात लगेच म्हटले आहे की, या अल्लाहने घातलेल्या मर्यादा आहेत, आणि त्या ओलांडणाऱ्याला कडक इशारा दिला आहे. आजच्या समाजात इस्लामच्या शिकवणीला स्थान काय, असे कोणी विचारले तर भाषणाने उत्तर देण्याची गरज पडू नये. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव दाखवता यावे.

अल्लाह आपणा सर्वांना हक्कदारांचे हक्क देण्याची तौफीक देवो.  खुदा हाफिज.