हिरोशिमातला एक दिवस: संग्रहालय, ट्राम आणि तव्यावरचं जेवण

आपल्या जपानच्या गप्पांमध्ये आज हिरोशिमा. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की एका दिवसात हे शहर बघून होतं का? आणि एक प्रश्न जरा दबकत विचारला जातो: तिथे जाऊन मजा करायची तरी कशी? खायचं-प्यायचं, फोटो काढायचे, हे बरं दिसतं का?

आम्ही चौघं गेलो होतो. मी, माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि नोकरीसाठी ओसाकात राहणारं आमचं एक मित्र-जोडपं. ओसाकाहून शिंकान्सेनने साधारण दीड तास लागतो. गाडीतच वाद सुरू झाला. मित्राने काय काय खायचं याची यादीच आणली होती. मैत्रीण म्हणाली, "ते सगळं बघून लगेच चवीने जेवायला बसायचं, हे मला नाही जमणार. तुम्ही जा, मी हॉटेलवर थांबेन." मित्राचं तोंड पडलं. मी म्हटलं, आधी पोहोचू तर दे.

सकाळी आम्ही शुक्केइएन बागेत गेलो. १६२० सालची बाग आहे. मधे तळं, त्यात छोटी बेटं, कमानीचा दगडी पूल. तिथे गिंकोचं एक जुनं झाड आहे, एका बाजूला झुकलेलं. स्फोटाच्या केंद्रापासून दीड किलोमीटरच्या आत असूनही ते वाचलं, आणि आजही त्याला पालवी फुटते.

मग ट्राम पकडली. या शहरात ट्राम अजून जोरात चालते, आणि पैसे उतरताना द्यायचे असतात. एक गोष्ट मला फार भिडली. बॉम्ब पडला ६ ऑगस्ट १९४५ ला, सकाळी सव्वाआठ वाजता. आणि ९ ऑगस्टला एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली होती. तिसऱ्या दिवशी! त्या वेळच्या काही गाड्या दुरुस्त करून पुढे कित्येक वर्षं वापरल्या गेल्या.

ट्राममधून उतरलं की समोरच तो घुमट. यान लेत्झेल नावाच्या चेक वास्तुकाराने बांधलेली ही इमारत १९१५ मध्ये उभी राहिली, मालाची प्रदर्शनं भरवण्यासाठी. बॉम्ब साधारण ६०० मीटर उंचीवर फुटला, इथून जेमतेम १६० मीटरवर. १९९६ पासून ती जागतिक वारसा आहे. त्या वर्षाच्या, म्हणजे १९४५ च्या अखेरपर्यंत शहरात सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. हा आकडा आपण शाळेत ऐकलेला असतो, पण आकड्याने काही होत नाही हो. होतं ते संग्रहालयात.

तिथे एक जेवणाचा डबा आहे. शिगेरू ओरिमेन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाचा. शाळेतली मुलं त्या दिवशी इमारती पाडायच्या कामाला लावली होती. तिसऱ्या दिवशी आईला त्याचा देह सापडला, पोटाशी हा डबा होता. आत भात आणि भाजी, जळून कोळसा झालेली. न उघडलेला डबा. आपल्याकडे रोज सकाळी डबे भरले जातात, तेव्हा ते बघून काय होतं हे मी वेगळं सांगायला नको. मैत्रीण तिथून हललीच नाही बराच वेळ.

बाहेर आल्यावर मोतोयासु नदीच्या काठी बसलो. तासभर कोणी काही बोललं नाही. मग मित्राची बायको हळूच म्हणाली, "चला, नुसतं येऊन बसा. खाऊ नका हवं तर." त्यावर मैत्रीण उठली.

आम्ही गेलो ओकोनोमिमुरात. एकाच इमारतीत, वेगवेगळ्या मजल्यांवर ओकोनोमियाकीची वीसेक छोटी दुकानं. समोर लांबच लांब लोखंडी तवा, आणि आपण त्याच्या कडेला बसायचं. तव्यावर घावनासारखं पातळ पीठ पसरतात, वर कोबीचा डोंगर, मोड, डुकराच्या मांसाचे काप, मग सगळं उलटायचं, खाली नूडल्स, त्याखाली अंडं, वर गडद सॉस. ताटली नाहीच. छोट्या उलथण्याने, त्याला 'हेरा' म्हणतात, तव्यावरूनच तुकडा काढून खायचा.

मी मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. मित्राने जपानीत सांगितलं: मांस नको, माशाची पूड नको, सॉसही नको, कारण नेहमीच्या सॉसमध्ये मांसाचा अर्क असतो. दुकानातल्या आजींनी मान हलवली आणि माझ्यासाठी मीठ आणि सोया सॉस घालून केलं. उत्तम लागलं.

आजींनीच मग या पदार्थाची गोष्ट सांगितली. युद्धाआधी हा मुलांचा स्वस्त खाऊ होता, पिठाचं धिरडं आणि वर कांद्याची पात. युद्धानंतर तांदूळ मिळेना. गव्हाचं पीठ यायचं ते अमेरिकेच्या मदतीतून. बघा, बॉम्ब ज्यांचा, पीठही त्यांचंच. उद्ध्वस्त शहरात हातगाड्या लागल्या, पोट भरावं म्हणून धिरड्यात कोबी वाढला, पुढे नूडल्स आल्या. म्हणजे आम्ही ज्याला मजेचं खाणं म्हणत होतो, ते भुकेतून उभं राहिलेलं जेवण होतं.

मित्राने विचारलं, संग्रहालयातून लोक थेट इथे येतात का? आजी म्हणाल्या, "पुष्कळ येतात. पहिले काही घास गप्प असतात. गरम आहे तोवर खा."

मैत्रिणीने हेरा उचलला. म्हणाली, "त्या पोराचा डबा तसाच राहिला. हे तरी वाया जायला नको." आणि तिने सगळं संपवलं. नंतर आम्ही हसलोही, शाळेतल्या डब्यांच्या आठवणी काढल्या, मोमिजी मांजू नावाच्या पानाच्या आकाराच्या गोड केकचा खोका घेतला.

तेव्हा मंडळी, त्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: जा, बघा आणि तिथलं जेवा. संग्रहालयाला निदान दोन तास द्या. तिथून निघाल्यावर लगेच टेबल बुक करू नका, नदीकाठी बसायला वेळ ठेवा. शाकाहारी असाल तर माशाची पूड आणि सॉस या दोन गोष्टी आठवणीने सांगा. आणि जेवण टाळू नका, कारण या शहराने पुन्हा कसं जगायला घेतलं, ते त्या तव्यावरही कळतं.

तुमचा अनुभव असेल तर जरूर कळवा.